उमेदवारी किती वर्षांची?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली की प्रसादाच्या रांगेत आम्हाला दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. आधी "काका, काकू, तब्येत कशी आहे" होतं, मग मुलाला किंवा मुलीला पुढे केलं जातं आणि विचारतात, "याला कोडिंगला घालायचं म्हणतोय. किती दिवस लागतात?" रांग पुढे सरकत असते, हातात द्रोण असतो, मागचा घाई करत असतो. त्यामुळे गेली कित्येक वर्षं आम्ही "घरी या, बोलू" एवढंच सांगत आलो. घरी फारसं कुणी आलं नाही. यंदा व्याख्यानमालेसाठी विषय विचारला तेव्हा म्हटलं, रांगेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर एकदाचं देऊन टाकू.

आम्ही दोघं नवरा-बायको. दोघांचाही जन्म याच हैदराबादचा, एकाचा काचीगुड्यातला, एकीचा सुलतान बाजारातला. १९८३ साली एकाच कार्यालयात, एकाच महिन्यात प्रोग्रॅमर म्हणून लागलो. तिथेच ओळख झाली आणि तीन वर्षांनी लग्न. अडतीस वर्षं दोघांनी हेच काम केलं. त्यामुळे आज "आम्ही" म्हणतो ते मोठेपणानं नाही, खरोखरच दोघं आहोत म्हणून. हे भाषणही दोघांनी मिळून लिहिलंय. वाचायला एक उभा आहे आणि दुसरी पहिल्या रांगेत बसून चुका काढते आहे. आमची कामाची पद्धत पहिल्यापासून अशीच.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घरी जाऊन स्वयंपाक करायचाय त्यांची सोय होईल. रोज चार-पाच तास मन लावून बसलं तर तीन-चार महिन्यांत छोटे प्रोग्रॅम लिहिता येतात. त्या प्रोग्रॅमवर दुसऱ्यानं निर्धास्त विसंबावं एवढी तयारी व्हायला, नोकरीतली वर्षं धरून, चार ते सहा वर्षं जातात. पहिला आकडा अमीरपेटच्या भिंतीभिंतीवर रंगवलेला असतो. दुसरा कुणी रंगवत नाही.

या दोन आकड्यांच्या मधल्या काळाला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे. आमच्यापैकी एकाचे आजोबा बीडकडून हैदराबादला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. बीड, परभणी, नांदेड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे तेव्हा हैदराबाद राज्यातच होते, १९५६ पर्यंत. आपल्यापैकी बऱ्याच घरांची इथली सुरुवात तशीच झालेली आहे. कचेरीची भाषा उर्दू. आजोबा घरी मराठी, पोथी संस्कृत आणि जुनी कागदपत्रं मोडीत वाचणारे. उर्दू त्यांनी आठ-दहा महिन्यांत लिहा-वाचायला शिकून घेतली. पण कचेरीत त्यांना कुणी पगारावर घेतलं नाही. तीन वर्षं त्यांनी उमेदवारी केली, म्हणजे फुकट काम. सकाळी जाऊन कागदांच्या नकला करायच्या, मुन्शींनी त्यावर लाल रेघा ओढायच्या, पुन्हा नक्कल करायची. चौथ्या वर्षी पगार सुरू झाला. आजोबा सांगत, भाषा पहिल्या वर्षीच आली होती, पण कुठल्या शब्दावरून उद्या दावा उभा राहील हे कळायला पुढची वर्षं लागली.

फुकट राबवून घेणं चांगलं होतं असं आम्ही म्हणत नाही. पण कुणीतरी जाणता शेजारी बसून आपल्या कामावर लाल रेघ ओढतो, तो जो काळ असतो, तो वगळून कुठलंच कसब हाताला लागत नाही. प्रोग्रॅमिंगही नाही.

आता आमची उमेदवारी ऐका. आम्ही लागलो तेव्हा हैदराबादला संगणक अगदी नवे नव्हते. इथल्याच ईसीआयएलनं १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा देशी बनावटीचा संगणक तयार केला होता. पण आमच्या कार्यालयात संगणकाला हात लावायला आम्हाला परवानगी नव्हती. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा. चौकटी आखलेले कागद असत, एका ओळीत ऐंशी घरं. तो कागद पंचिंगला द्यायचा, तिथल्या मुली त्यावरून कार्डं भोकं पाडून तयार करायच्या, कार्डांचा गठ्ठा रात्री यंत्रात जायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी छापील कागदांची चळत हातात यायची. कोबॉल भाषेत वाक्याच्या शेवटी पूर्णविराम लागतो. तो एक ठिपका राहिला की चळतीत पानभर चुका, आणि एक अख्खा दिवस वाया. आजच्या मुलांना तीच चूक एका सेकंदात कळते. पण त्या छळाचा एक फायदा झाला. गठ्ठा देण्यापूर्वी आम्ही एकमेकांचा कागद ओळ न् ओळ वाचायचो. लग्न जमण्यात त्या वाचनाचा काही वाटा असावा.

चार वर्षांत आम्ही स्वतःला पक्के समजू लागलो होतो. १९८७ साली कामगारांना पगारवाढीच्या फरकाची मोठी रक्कम एकदम द्यायची ठरली. प्रोग्रॅम आमच्याकडे आला. तो नेमका कोणी लिहिला यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, त्यामुळे "आम्ही" असंच म्हणू. नेहमीच्या पगारपत्रकात रकमेसाठी चार आकडी रुपये आणि दोन आकडी पैसे एवढी जागा ठेवलेली असे. तेव्हा महिन्याचा पगार दहा हजारांच्या आसपासही कुणाचा नव्हता, त्यामुळे चार घरं पुरून उरत. तीच मांडणी उचलून आम्ही फरकाच्या पत्रकात वापरली. हजारभर चिठ्ठ्या छापल्या, शेवटची एकूण बेरीज तपासली, ती पैशापर्यंत जुळली, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी एक वयस्कर फोरमन आले. निवृत्तीला वर्ष राहिलेले. चिठ्ठी पुढे करून शांतपणे म्हणाले, "बाबू, पूरे सोला महिने का फरक, इत्ताच?" चिठ्ठीवर ३४० रुपये होते. हिशोबानं त्यांना १०,३४० मिळायला हवे होते.

कोबॉल काय करते, की ठरवून दिलेल्या घरांपेक्षा मोठा आकडा आला तर डावीकडचा आकडा गुपचूप टाकून देते. ओरडत नाही, थांबत नाही. दहा हजारांतला एक गळाला आणि ३४० उरले. अशा अकरा चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्या सर्वांत जुन्या माणसांच्या, ज्यांची रक्कम दहा हजारांवर गेली होती. आणि बेरीज का जुळली? कारण आम्ही बेरीज केली होती ती छापलेल्या, म्हणजे आधीच छाटलेल्या आकड्यांचीच. चुकीनं चुकीला साक्ष दिली होती. जास्तीच्या आकड्याचं काय करायचं हे कोबॉलला सांगण्याची सोय आहे, "ऑन साइज एरर" असे तीन शब्द लिहायचे असतात. ते आम्हाला माहीत होते. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

आमचे वरिष्ठ तेलुगू गृहस्थ होते, आम्ही त्यांना फक्त "सर" म्हणायचो. ते रागावले नाहीत. संध्याकाळी सहाला त्यांनी सबंध प्रोग्रॅमचा कागद टेबलावर पसरला आणि प्रत्येक रकमेच्या घरावर पेन्सिल ठेवून एकच प्रश्न विचारत गेले, "इथे जास्तीत जास्त केवढा आकडा येऊ शकतो?" उत्तर आलं नाही तर कामगार कल्याण विभागाला फोन करून विचारायला लावत. रात्री अकरापर्यंत हे चाललं. आणखी तीन ठिकाणी तीच खोट सापडली, अजून कुणाला न लागलेली. त्या पाच तासांत आम्ही जे शिकलो ते आधीच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो. पण आधीची चार वर्षं नसती तर त्या रात्री सर काय विचारताहेत हेही कळलं नसतं.

आमच्या चुकीला पुढे फार मोठ्या घरचं सोयरं मिळालं. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. कारण तेच: एका मोठ्या संख्येला लहान घरात बसवायला गेले आणि ती बसेना. प्रोग्रॅमचा तो भाग आधीच्या एरियन-४ वरून उचललेला होता, आणि त्या रॉकेटचा वेग कमी असल्यामुळे तिथे तो कधी अडला नव्हता. आम्ही पगारपत्रक उचललं, त्यांनी रॉकेट. शिकलेल्या, अनुभवी, काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसांच्या हातून हे झालं, हे लक्षात ठेवा. व्याकरणाची चूक त्यात एकही नव्हती.

किती काळ लागतो यावर शास्त्रज्ञांनीही विचार केलाय. हर्बर्ट सायमन आणि विल्यम चेस यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाच्या बाबतीत दाखवलं, की ग्रँडमास्टरच्या पातळीला जायला साधारण दहा वर्षांची तयारी लागतेच. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या रियाजाचे तास मोजले. त्यातून पुढे माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकामुळे "दहा हजार तास" हा मंत्र जगभर झाला. एरिक्सन यांना तो मंत्र काही पटला नाही. तो आकडा सरासरीचा होता, आणि त्यांचा भर तास मोजण्यावर नसून रियाज कसा केला यावर होता. प्रोग्रॅमिंगपुरतं बोलायचं तर पीटर नॉर्विग, जे गूगलमध्ये संशोधन विभागाचे संचालक होते, त्यांनी दुकानांतली "अमुक दिवसांत शिका" छापाची पुस्तकं पाहून दहा वर्षांत प्रोग्रॅमिंग शिका अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. आमच्या मुलांनी तो आम्हाला दाखवला तेव्हा पहिल्या रांगेतली व्यक्ती म्हणाली, "चला, कुणीतरी बोललं."

आमचं आवडतं उदाहरण मात्र डोनाल्ड कनूथ यांचं. संगणकशास्त्रातले हे भीष्माचार्यच. १९७७ मध्ये त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. अक्षरांची छपाई त्यांना अजिबात आवडली नाही, म्हणून पुस्तक सुबक छापणारा प्रोग्रॅम आपणच लिहू असं त्यांनी ठरवलं. वर्षभरात होईल असा अंदाज होता. 'टेक' नावाचा तो प्रोग्रॅम पुरता स्थिरावायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी त्यात स्वतः केलेल्या चुकांची वही ठेवली आणि १९८९ मध्ये ती यादी सरळ प्रसिद्ध केली. चूक शोधून देणाऱ्याला ते चेक पाठवत, पहिली काही वर्षं रक्कम दरवर्षी दुप्पट करत. ज्या माणसाची पुस्तकं वाचून जग प्रोग्रॅमिंग शिकलं त्याचा अंदाज दहापट चुकला. मग नव्वद दिवसांचा फलक लावणाऱ्याच्या अंदाजाबद्दल आम्ही काय बोलावं.

तरी अमीरपेटची आम्ही चेष्टा करणार नाही. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्स उभी राहिली. वर्ष दोन आकड्यांत लिहिणारे जगभरचे जुने प्रोग्रॅम २००० सालापूर्वी दुरुस्त करायचे होते आणि आमच्यासारख्या कोबॉलवाल्यांना एकाएकी भाव आला. तेव्हा आम्ही सरकारी नोकरी सोडून खासगीत गेलो. हाताखाली तीन-तीन महिन्यांचे वर्ग करून आलेली मुलं होती, कुणी वरंगलचा, कुणी निजामाबादचा, कुणी लातूरचा. त्यातली काही पुढे आमच्याही वर गेली. त्यांना वर्गात मिळालं ते तीन महिन्यांत मिळण्याइतकंच होतं: भाषेचं व्याकरण, यंत्राची भीती जाणं, आणि आत शिरायला एक दार. मग आत पाच-सहा वर्षं त्यांच्या कामावर कुणीतरी लाल रेघा ओढल्या. तेव्हा काम एवढं पडलं होतं की उमेदवारीची जागा प्रत्येकाला मिळत होती, आणि पगारी मिळत होती. लोकांनी त्यातले तीन महिने लक्षात ठेवले, पुढची सहा वर्षं विसरले. २००१ मध्ये काम आटलं तेव्हा जी मुलं एकच अहवाल वर्षानुवर्षं थोडा थोडा बदलत बसली होती ती आधी बाहेर पडली. वर्षं त्यांचीही भरली होती.

आता जे सांगणार आहोत ते सांगावं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. ज्याच्याबद्दल आहे तोच म्हणाला, "सांगा मामा, फक्त नाव नको." आमच्या बहिणीचा मुलगा, नांदेडकडचा. बी.एस्सी. झाला आणि २०२२ मध्ये अमीरपेटला नव्वद दिवसांचा वर्ग लावला. फी ४०,००० आणि वसतिगृहाचे दर महिन्याचे वेगळे. आईनं त्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्या. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. मुलगा हुशार, मेहनती, प्रश्न विचारणारा. वर्ग संपला, चौदा मुलाखती दिल्या, कुठेच झालं नाही. सगळ्यांना दोन-तीन वर्षांचा अनुभव हवा. मग एका सल्लागारानं सांगितलं, ६०,००० द्या, तीन वर्षांच्या अनुभवाचं पत्र देतो, पगाराच्या चिठ्ठ्या देतो, चौकशीचा फोन आला तर उत्तर देणारा माणूसही देतो. बहिणीचा फोन आला, "दादा, वहिनी, सगळेच करतात म्हणे. तुम्ही काय म्हणता?"

आम्ही "नको" म्हटलं. पण ठाम म्हटलं नाही. पाटल्यांचा विषय डोक्यात होता, आणि आमचं पेन्शन चालू असताना तिला काय सांगणार, असंही वाटलं. त्यानं पत्र घेतलं आणि गच्चीबावलीला एका कंपनीत लागला. दोन्ही घरांत पेढे वाटले गेले.

आठवड्याच्या आत रात्री साडेनवाला फोन येऊ लागले. "मामी, हे असं असं मागतायत, कसं करू?" पाच आठवडे रोज रात्री आम्ही त्याला उत्तरं सांगितली. हे मोठ्यानं म्हणताना आम्हाला आज इथे बरं वाटत नाही. त्याचं काम आम्ही करत होतो, आणि तिकडे ते त्याच्या नावावर जात होतं. एकदा तो म्हणाला, "उत्तर देता येतं मामी, पण असं का केलंस म्हणून विचारलं की तोंड शिवल्यासारखं होतं." सहाव्या आठवड्यात आम्ही फोनवर उत्तरं देणं थांबवलं. चौथ्या महिन्यात कागदांची पडताळणी झाली, पत्रावरची कंपनी अस्तित्वातच नव्हती, आणि एका दुपारी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं. तो आमच्या मागच्या खोलीत अकरा दिवस होता. जेवायला बाहेर यायचा, बोलायचा नाही. बाराव्या दिवशी म्हणाला, "मला डोकंच नाही मामा."

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही, कारण ते साफ खोटं होतं. पाच-सहा महिने शिकलेल्या मुलाला जेवढं यावं तेवढं त्याला येत होतं, कदाचित थोडं जास्तच. पण त्या कागदामुळे त्याला मोजलं गेलं तीन वर्षांच्या मापानं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याचा विचारायचा हक्क गेला. नव्यानं लागलेला मुलगा शेजारच्याला दहादा विचारू शकतो, "हे काय आहे?" त्याला कुणी हसत नाही. तीन वर्षांच्या अनुभवी माणसानं तेच विचारलं तर शंका येते. म्हणजे ज्या तीन वर्षांत शिकायचं असतं, तीच वर्षं त्यानं ६०,००० रुपये देऊन काढून टाकली होती. आमच्या मते त्या व्यवहारात फसवणूक कंपनीची झाली त्याहून कितीतरी जास्त त्याची झाली.

म्हणून पालकांना आमचं सांगणं एवढंच, की हिशोब नव्वद दिवसांचा करू नका, तीन वर्षांचा करा. वर्गाची फी हा त्यातला छोटा भाग आहे. ज्या घराला तीन वर्षं थांबणं परवडत नाही, आणि अशी घरं या सभागृहातही आहेत, त्यांनी मुलाला मिळेल त्या नोकरीला लावावं, हिशोबाची, तपासणीची, दुकानदारांना सॉफ्टवेअर बसवून देण्याची, आणि शिकणं बरोबर चालू ठेवावं. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं काम हलकं समजतात. आमच्या पाहण्यातले काही उत्तम प्रोग्रॅमर तिथूनच आले. शिकण्याचं साहित्य आज फुकट आहे. आयआयटींचे एनपीटीईएलचे पाठ आहेत, मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तर मराठीतूनही धडे आहेत. मात्र पुढे माहितीपुस्तिका इंग्रजीतच वाचाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. ती वाचायची सवय व्हायला सहा महिने वेगळे धरा.

आणि लवकरात लवकर असं काहीतरी करायला लावा जे दुसरं माणूस वापरेल. आपल्या मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या दोन वर्षांपासून मोबाइलवर निघतात. तो प्रोग्रॅम आपल्यातल्याच एका कॉलेजातल्या मुलीनं लिहिलाय. पहिल्या वर्षी दोन घरांना एकाच क्रमांकाची पावती गेली आणि खजिनदार तिच्यावर उखडले. झालं होतं असं, की दोन कार्यकर्त्यांनी दोन गल्ल्यांत एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांच्याही मोबाइलनं विचारलं, शेवटचा क्रमांक काय? उत्तर आलं ११८. दोघांनीही ११९ छापला. घरी एकटीनं शंभरदा तपासताना हे कधीच झालं नसतं, कारण दोन बोटं एकाच वेळी दाबणारं कुणी नव्हतं. तिनं आम्हाला विचारलं, आम्ही फक्त "क्रमांक कोण देतो?" एवढंच विचारलं, आणि चार दिवसांनी तिनं तो क्रमांक देण्याचं काम मोबाइलकडून काढून एकाच जागी ठेवलं. खजिनदारांनी उखडून तिच्यावर उपकारच केले, हे आम्ही त्यांच्यासमोर सांगतो.

आता कुणीतरी विचारणारच, की यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतं, मग हे सगळं कशाला? आम्हीही ते वापरून पाहिलं. फरकाच्या पत्रकाचा तोच १९८७ चा प्रश्न त्याला घातला. मिनिटभरात नेटका प्रोग्रॅम आला, आमच्यापेक्षा नेटका. रक्कम जास्तीत जास्त केवढी असेल हे मात्र त्यानं विचारलं नाही. आम्ही विचारलं, तेव्हा लगेच दुरुस्त करून दिलं. विचारायचं काय हे आम्हाला त्या फोरमनकडून कळलं होतं. टायपिंगचा वेळ वाचला हे खरं. काळजी आम्हाला वेगळीच वाटते. नव्या मुलांना जी किरकोळ कामं मिळायची तीच आता यंत्राकडे जाऊ लागली आहेत, आणि त्या किरकोळ कामांतच उमेदवारी होत होती. आज ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत असे चाळिशीतले बरेचजण समोर बसले आहेत. वर्षाला एका नव्या मुलाला शेजारी बसवून घ्या, त्याच्यामुळे तुमचं काम पहिले सहा महिने हळू होईल हे गृहीत धरून. आमच्या सरांनी त्या रात्री पाच तास घालवले त्याचा जादा भत्ता त्यांना मिळाला नव्हता.

भाचा हल्ली नांदेडला आहे. खत-बियाण्यांच्या दुकानांना बिलाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या माणसाकडे ११,००० वर लागला, खरा अनुभव सांगून, म्हणजे शून्य सांगून. दुकानोदुकानी मोटरसायकलवर फिरतो. या आषाढात त्याचा रात्री साडेनवालाच फोन आला आणि आम्ही दोघंही दचकलो. म्हणाला, एका दुकानात बिलाच्या करात दोन पैशांचा फरक येतोय. प्रत्येक ओळीवर कर काढून बेरीज केली तर एक आकडा, एकूण रकमेवर काढला तर दुसरा. दुकानदार म्हणतो दोन पैसे सोडून दे, पण याला ते सोडवत नव्हते. "मामी, यात चूक आमची की हिशोबनिसाची?"

आम्ही म्हटलं, "तुला काय वाटतं?"

मग तो पाऊण तास बोलत होता.